किल्लारीच्या शेतातली पायरी

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून झोपी गेलेल्या लातूर-उस्मानाबाद भागातल्या गावांना पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने गाठले. जवळजवळ दहा हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. त्या आकांतात किल्लारीच्या पश्चिमेला शेतात काय झाले, याकडे कुणाचे लक्ष जाणार? तिथे जमिनीला पायरी पडली होती. जेमतेम एक-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात, सलग नव्हे तर तुटक तुटक, एका बाजूचे रान दुसऱ्या बाजूपेक्षा उंच झाले होते. काही ठिकाणी ही उंची अर्ध्या मीटरहूनही जास्त होती. भूखंडाच्या शांत मानल्या गेलेल्या अंतर्भागात भूकंपाने अशी जमीन तोडल्याची उदाहरणे जगभरात मोजकीच आहेत.

ही पायरी कशी पडते हे समजायचे तर आधी एक जुनी भीती बाजूला ठेवावी लागते. भूकंपात धरणी दुभंगते, माणसांना गिळते आणि पुन्हा मिटते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण जमीन ज्यावर सरकते तो प्रस्तरभंग म्हणजे उघडी दरी नव्हे. खडकाचे दोन भाग जिथे एकमेकांवर घट्ट दाबले गेलेले असतात असा तो पृष्ठभाग असतो आणि तो कित्येक किलोमीटर खोल गेलेला असतो. मोठा भूकंप होतो तोच मुळी या दाबामुळे. दोन्ही बाजू सहज सरकल्या असत्या तर ताण साठलाच नसता. घर्षण त्यांना अडवून धरते, भूपट्ट मात्र वर्षाला काही सेंटिमीटर सरकतच राहतो आणि मधला खडक हळूहळू वाकत जातो. भारतीय भूपट्ट हिमालयाला रेटतो आहे. त्या रेट्याचा दाब पार मराठवाड्याखालच्या खडकातही आहे.

खडक असा वाकतो, याचा पुरावा कॅलिफोर्नियात मिळाला. 1906च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात सॅन अँड्रियास प्रस्तरभंग चारशेहून अधिक किलोमीटर फाटला. कुंपणे तुटून बाजूला सरकली, टोमालेस उपसागराजवळचा एक रस्ता सुमारे सहा मीटर आडवा हलला. भूशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी भूकंपाआधीच्या अनेक दशकांतली भूमापनाची मोजमापे नंतरच्या मोजमापांशी ताडून पाहिली. प्रस्तरभंगापासून दूरची जमीन आधीपासूनच सरकत आली होती. जवळची अडकून पडली होती आणि भूकंपाच्या क्षणी तिने ते अंतर एकदम भरून काढले. कित्येक दशकांची थकबाकी काही सेकंदांत चुकती झाली.

हे फाटणे सगळीकडे एकाच वेळी होत नाही. खोलवर, भूकंपनाभीशी, एका ठिकाणी घर्षण हरते. तिथला ताण शेजारच्या खडकावर पडतो, तोही सुटतो, आणि फाटण्याची ही कड सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पुढे धावते. वाटेत तिचा जोर संपला तर ती जमिनीखालीच थांबते. वरपर्यंत पोचली तरच आपल्याला पायरी दिसते.

म्हणून भूकंप मोठा की लहान, एवढ्यावरून जमीन तुटेल की नाही ते ठरत नाही. 2001चा भूजचा भूकंप किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा, 7.7 तीव्रतेचा. पण त्याची नाभी सुमारे वीस किलोमीटर खोल होती आणि मुख्य भंग भूपृष्ठावर आलाच नाही. कच्छमध्ये लांबच लांब भेगा पडल्या होत्या हे खरे. पण त्या भेगा हादऱ्यामुळे पडल्या: पाण्याने भरलेली वाळू पातळ झाली आणि वरचे थर बाजूला घसरले. अशा भेगा आणि खरा भूपृष्ठभंग यांत फरक करणे हे भूशास्त्रज्ञाचे पहिले काम असते. किल्लारीचा भूकंप 6.2 तीव्रतेचा होता, पण अगदी उथळ.

उथळ असूनही ती पायरी स्वच्छ कापल्यासारखी नव्हती. तिथे दाबामुळे एक बाजू दुसरीवर चढत होती. खाली सुमारे 340 मीटर जाडीचे बेसॉल्टचे थर, त्यावर माती. कडक खडकात एका रेषेत झालेले सरकणे मऊ थरांत आले की पसरते. सतरंजी एका टोकाने रेटली की तिला वळ्या पडतात, तशी वरची माती फुगते, दुमडते, कडेला ढासळते. दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या जातात तिथे दृश्य निराळे असते. जमिनीवर तिरप्या भेगांची रांगच्या रांग उमटते. पायरी कधी याहून कितीतरी मोठीही असते. जपानमध्ये 1891च्या मिनो-ओवारी भूकंपात मिदोरी गावाजवळ सुमारे सहा मीटर उंचीचा कडा उभा राहिला. तो पाहून भूशास्त्रज्ञ बुंजिरो कोतो यांनी प्रस्तरभंग हेच भूकंपाचे कारण असल्याचे मांडले. तोवर अनेक जाणकार उलटे समजत होते: आधी हादरा, त्याचा परिणाम म्हणून भेग.

नांगर आणि पाऊस शेतातली पायरी लवकर पुसून टाकतात. मातीखाली मात्र खूण राहते. प्रस्तरभंगाला आडवा चर खणला की तुटून वरखाली झालेले थर दिसतात. तुटलेल्या थरांवर नंतर साचलेली अखंड माती असते. दोन्हींतल्या कोळशाचे वय काढले की त्या भूकंपाचा काळ दोन टोकांत पकडता येतो.

हे सगळे शोधायचे कशासाठी? हादरा सोसणारी इमारत बांधता येते. मात्र पायाच्या मधोमध जमीन दोन-तीन मीटर सरकली तर साधी इमारत टिकत नाही. म्हणून कॅलिफोर्नियात 1972पासून कायदा आहे: सक्रिय प्रस्तरभंगाच्या रेषेवर घर बांधायचे नाही, अंतर सोडायचे. पण तेलवाहिनीला प्रस्तरभंग ओलांडावाच लागतो. अलास्कात देनाली प्रस्तरभंगावर अभियंत्यांनी तेलवाहिनी जमिनीत न पुरता नागमोडी नेली आणि लांब आडव्या तुळयांवर ती सरकू शकेल अशी ठेवली. 2002मध्ये 7.9 तीव्रतेचा भूकंप झाला आणि तिच्याखालची जमीन चार मीटरच्या आसपास सरकली. वाहिनी तुळयांवरून घसरत गेली, काही आधार मोडले, आणि तेल सांडले नाही.