तिथीची पाऊणपट

आज तिथी कोणती? चतुर्थी. चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. एक भरती दुपारी, एक पहाटे. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. कोकणात ज्याला पाऊणकी पाठ, त्याला भरतीचं कोष्टक लागत नसे.

हिशेबाचं मूळ साधं आहे. मुंबईकडच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं मागे पडते, कारण चंद्रही तेवढाच उशिरा माथ्यावर येतो. पाऊण तास धरला की रोज थोडी चूक उरते; पण पक्ष संपला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते आणि साचलेली चूक पुसली जाते. मला या नियमातली ही गोष्ट फार आवडते. अष्टमी-नवमीला मात्र तो डळमळतो. त्या भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीच्या, दिवसांत भरती एका दिवसात तासाहूनही अधिक लांबते. खाडीत आत जावं तसं पाणी आणखी उशिरा पोचतं. वाशिष्ठीतून गोवळकोटला, सावित्रीतून दासगावला गलबतं चढवणारे तांडेल तो उशीर धरूनच निघत.

वेळ अशी बोटांवर मोजता येते, उंची नाही. चंद्र तोच, पण उधाणाला भरती-ओहोटीतला फरक मार्मागोव्यात दोन मीटरच्या आसपास, मुंबईत चार-पाच मीटर आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या घरात. आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं आणि पाणी चढत जातं. म्हणून प्रत्येक बंदराचं पाणी तिथेच मोजावं लागतं. मुंबईत अपोलो बंदरावरच्या मोजणीची नोंद १८७८ पासूनची आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक.

त्या नोंदीतून चंद्राची १२ तास २५ मिनिटांची लाट, सूर्याची १२ तासांची, आणि अशा कितीतरी लाटा वेगळ्या काढायच्या. मग पुढच्या तारखेसाठी त्या पुन्हा एकत्र मांडायच्या. ही बेरीज हातानं करायची म्हणजे माणूस थकून जाई. लॉर्ड केल्विन यांनी ती कप्प्यांवरून फिरणाऱ्या एका तारेवर सोपवली. त्याच तत्त्वावर एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये लंडनला एक यंत्र तयार झालं, ते खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी. आज ही कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो.

कोष्टक वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ४.८ मीटरची भरती म्हणजे रस्त्यावर ४.८ मीटर पाणी नव्हे. ही उंची अगदी खालच्या ओहोटीच्या जवळपासच्या पातळीपासून मोजतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच तिच्यावर सुमारे अडीच मीटर आहे. दुसरं, कोष्टकात चंद्र-सूर्य असतात. वारा आणि पाऊस नसतात. २६ जुलै २००५ ला, पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी, भरती आली ती दुपारी चारच्या जरा आधी, ४.४८ मीटरची. पाच पाऊण पावणेचार! वेळ आणि उंची आधीच छापलेली होती, आणि पावसाळ्यात याहून मोठी उधाणं येतातच. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि भरतीनं तोंडं अडवलेल्या नाल्यांना तो समुद्रात सोडता येईना.

मुंबईच्या दृष्टीनं आणखी एक वाईट योग आहे. पावसाळ्यातली मोठी उधाणं भर दुपारी येतात, हिवाळ्यातली मध्यरात्री. जुलैत शहर कामावर असतं तेव्हाच समुद्र सर्वांत वर असतो.

या दिवाळीत अलिबागला कुलाबा किल्ल्यावर चालत जाणार असाल, तर आधी तिथी पाहा. भांग असेल तर ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकतं. अमावास्येच्या मागच्यापुढच्या दिवसांत वाट सहसा नीट उघडते. भरतीच्या वेळेत सहा तास मिळवा, त्याच्या तासभर आधी वाळूत उतरा आणि तिथल्या माणसांना एकदा विचारून घ्या. गडावर कितीही मन रमलं तरी पाणी फिरलं की निघायचं.