लढाईचा कागद

जुन्या लष्करी नकाशांवर नागपूरहून लिहा, असं संपादकांनी सुचवलं. अठराव्या शतकातल्या युद्धनकाशांत नागपूरकर भोसल्यांची सर्वांत ठळक खूण शोधू गेलं, तर ती सापडते कलकत्त्याच्या नकाशावर. रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात १७५६ च्या लढाईचा नकाशा छापला आहे. बंगालचा नवाब सिराजुद्दौला याने कलकत्ता कसं घेतलं, हे तो दाखवतो. त्यात शहराला उत्तरेकडून आणि पूर्वेकडून वळसा घालणारी एक रेघ आहे: मराठा खंदक.

१७४२ मध्ये रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले. त्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत जेमतेम तीन मैल खणून झाले. मराठे शहरावर आले नाहीत आणि काम तिथेच थांबलं. १७४४ मध्ये बंगालचा तेव्हाचा नवाब अलीवर्दीखान याने भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून दगा दिला आणि ठार केलं. पुढे सिराज आला तेव्हा या अर्धवट खंदकाचा शहराला उपयोग झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. नागपूरच्या घोड्यांच्या टापा कलकत्त्याच्या वेशीला लागल्या नाहीत, तरी त्यांच्या भीतीने त्या शहराची हद्द आखली. युद्धाचा नकाशा काय काय जपून ठेवतो, ते मला इथे पहिल्यांदा नीट उमगलं.

अशा नकाशांचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. बंगालची मोजणी करणाऱ्या जेम्स रेनेलने १७८२ मध्ये हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला. पुण्याचे मराठे आणि वऱ्हाडचे, म्हणजे नागपूरचे मराठे, अशा दोन सत्ता तो वेगळ्या मानतो. अंतरं मुख्यतः कूच करणाऱ्या फौजांबरोबर मोजलेली होती. चाक फिरवत जायचं, होकायंत्राने दिशा टिपायची, मुक्कामावर ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा. मोहीम हीच मोजणी होती. जिथे सैन्य गेलं नाही, तिथे कागद बराचसा कोरा राहिला.

हीच पद्धत घेऊन इंग्रज नागपूरच्या दारात आले. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ तारखेला देवगावच्या तहावर रघूजी दुसऱ्यांना सही करावी लागली. गाविलगडाचा वेढा नकाशा पुढ्यात असल्याशिवाय समजतच नाही. दक्षिणेकडे कडा, खाली दरी; वार करण्याजोगी बाजू फक्त उत्तरेची. तिथवर तोफा नेण्यासाठी इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या फौजेने मेळघाटच्या डोंगरांतून सुमारे तीस मैलांची वाट काढली. कागदावर बोटभर दिसणारं ते अंतर माणसांनी आणि बैलांनी तोफा ओढत कापलं होतं. किल्लेदार बेनीसिंग किल्ल्यातच लढून मेला.

मी सर्वाधिक रेंगाळलो ते सीताबर्डीपाशी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची ही नागपूरकर आणि इंग्रज यांच्यातली लढाई. मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर याने १८२१ मध्ये त्या इंग्रज-मराठा युद्धावर नकाशांसह मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८२३ मध्ये तो हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल झाला. त्याच वर्षी जानेवारीत, दक्षिणेकडून देश मोजत आलेला विल्यम लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

अशा नकाशाची करामत काय, तर तो वेळ दाखवतो. जमीन स्थिर असते, लढाई नसते. सीताबर्डीला संध्याकाळी तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालल्या. सकाळी नागपूरकरांच्या पदरच्या अरब शिपायांनी तिथल्या दोन टेकड्यांपैकी छोटी टेकडी घेतली. मग कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने मैदानात चाल केली, आणि छोटी टेकडी पुन्हा इंग्रजांकडे गेली. हे सगळं एका कागदावर कसं मांडायचं? त्या काळच्या आरेखकांनी यासाठी शिस्त बसवली होती. पायदळ म्हणजे लांबट चौकोन. घोडदळ म्हणजे तिरपी रेघ मारलेला चौकोन. पहिली जागा भरीव, नंतरची पोकळ किंवा तुटक. हालचालीसाठी टिंबांची रेघ, प्रत्येक टप्प्याला एक अक्षर आणि कोपऱ्यात त्या अक्षरांचा खुलासा. अक्षरांच्या क्रमाने बोट फिरवत गेलं की रात्र सरते आणि दिवस उजाडतो.

टेकड्यांचं कामही तसंच चिकाटीचं. समोच्च रेषा तेव्हा रुळल्या नव्हत्या. उतार जिकडे, तिकडे बारीक रेघोट्या. चढ जितका उभा तितक्या त्या दाट आणि जाड. कोरणारा कारागीर हे सारं तांब्याच्या पत्र्यावर उलटं कोरायचा, म्हणजे छापताना ते सुलट उमटे. त्याने नागपूर पाहिलेलंही नसे. तरी बडी टेकडी कुठून चढता येते आणि कुठून नाही, हे त्याच्या रेघांवरून कळतं. या हाताला मी मनापासून मानतो.

पण इथेच काळजीही सुरू होते. या नकाशात इंग्रजांच्या पलटणींना नावं आहेत, क्रमांक आहेत. समोरची नागपूरची फौज मात्र बहुतेक निनावी. डिसेंबर १८१७ मध्ये शहराला वेढा पडला. २४ तारखेला जुम्मा दरवाजावरचा, म्हणजे आजच्या गांधी गेटवरचा हल्ला अरबांनी परतवला, आणि ३० तारखेला ते अटी घालून बाहेर पडले. त्या तटामागे कोण उभं होतं, हे नकाशा सांगत नाही. जिंकणाऱ्याने काढलेला नकाशा मोजमापात प्रामाणिक असतो. माणसांच्या बाबतीत तो अपुरा असतो.

ती माणसं मोडी कागदांत आहेत. आपल्याकडे लढाईची खबर पत्रांतून जाई: मुक्काम कुठे, मजल किती कोसांची, दाणावैरण आहे की नाही. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याच्या सांगण्यावरून काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी भोसल्यांची बखर लिहिली. यादव माधव काळे यांनी नागपूरकर भोसल्यांचा इतिहास सिद्ध केला. पण हे वाङ्मय एका बाजूला आणि नकाशे दुसऱ्या बाजूला, अशी फारकत कायम आहे. मोडी वाचणारा नकाशा उघडत नाही, नकाशांचा शौकीन मोडी वाचत नाही.

कागदाचे हाल निराळेच. ग्रंथातले नकाशे घडी घालून शिवलेले असत. घडीवरच ते फाटतात. बाजारात नकाशाला ग्रंथापेक्षा भाव येतो, म्हणून विक्रेते तो कापून चौकटीत बसवतात. मग अक्षरांचा खुलासा पुस्तकात राहतो आणि भिंतीवर नुसती शोभा उरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. लॅमिनेशन तर त्याचा जीवच घेतं, कारण ते पुन्हा निघत नाही. अस्सल हस्तलिखित नकाशांचा मोठा साठा लंडनला आहे. नागपूरच्या विद्यार्थ्याला तो सहजी हाताळता येत नाही. आणि ज्या जमिनीवर पडताळा घ्यायचा, तीही झाकत चालली आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, सामान्यांना एरवी बंद असतो. पायथ्याशी बाजार, रेल्वे आणि आता मेट्रो. नाग नदी लढाईच्या दृष्टीने अडथळा होती, हे आज तिच्या काठी उभं राहूनही पटत नाही.

यावर उपाय अवघड नाही. नागपूरचं पुराभिलेख कार्यालय, विदर्भ संशोधन मंडळ आणि विद्यापीठ यांनी मिळून सीताबर्डी, नागपूरचा वेढा, अडगाव आणि गाविलगड यांचे नकाशे चांगल्या प्रतींत मिळवावेत, आजच्या नकाशावर जुळवावेत आणि प्रत्येक अक्षरासमोर त्या दिवसाचं मोडी पत्र मांडावं. वाचकांनाही एक विनंती आहे. घरात जुना नकाशा किंवा मोडी दप्तर असेल तर ते चिकटवू नका, लॅमिनेट करू नका, रद्दीत घालू नका. सपाट, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवून त्याची छायाप्रत करून घ्या. नागपूरच्या बाजूने या लढायांचा नकाशा अजून काढायचा राहिला आहे, आणि त्याचं साहित्य आपल्याच घरांतून निघणार आहे.