धूसर काच, निर्मळ दृष्टी

पौषातील पहाट. उतईहून भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघालेला दुचाकीस्वार हेल्मेटची काच खाली ओढतो आणि दोन-चार श्वासांतच समोरचा रस्ता धूसर होतो. मग काच वर करावी लागते. थंड वारा, धूळ आणि कीटक थेट डोळ्यांवर येतात.

उच्छ्वासातील उष्ण, दमट हवा थंड काचेला लागली की तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात व ते प्रकाश विखुरतात. यावर ‘पिनलॉक’ या नावाने परिचित असलेले धुकेरोधक पटल हा उत्तम उपाय होय. काचेच्या आतील बाजूस ते दोन खुंट्यांच्या आधारे बसते. त्याच्या कडेची सिलिकॉनची अखंड पट्टी मध्ये हवेचा थर कोंडून ठेवते. त्यामुळे पटल फारसे गार पडत नाही, शिवाय ते ओलावाही शोषून घेते.

हा शोषक गुणच त्याचे मर्मस्थान आहे. ओले पटल मऊ होते. रुमालाने घासताच त्यावर कायमचे ओरखडे पडतात. म्हणून ते काढून, सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हलकेच धुवावे आणि सावलीत आपोआप वाळू द्यावे. स्पिरिट, पेट्रोल किंवा काच पुसण्याचे द्रावण कटाक्षाने टाळावे. पट्टी कोठे सुटली असल्यास खुंट्या किंचित फिरवून ताण वाढवावा. गडद रंगाचे पटल रात्री वापरू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ ने हेल्मेट सक्तीचे केले आहे. परंतु त्यातून रस्ता स्पष्ट दिसावा, ही काळजी ज्याची त्यानेच घ्यावयाची असते.