बाजाराच्या दिवशी गाडी दगा देऊ नये म्हणून

पालमहून गंगाखेडला किंवा लोह्यावरून नांदेडला माल आणण्यासाठी जाणाऱ्या व्यापारी बांधवांची गाडी म्हणजे दुकानाचाच एक भाग. ती रस्त्यात बंद पडली की मिस्त्रीचे बिल तर द्यावे लागतेच, शिवाय बाजार बुडतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. यातील बरेचसे बिघाड थोडी काळजी घेतल्यास टळतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत गाडी गरम होण्याचे एक कारण म्हणजे रेडिएटरमध्ये ओतलेले बोअरचे पाणी. पाणी तापवायच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो, तसाच या जड पाण्यातील क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग पाणी नीट फिरत नाही, इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते आणि इंजिन खोलण्याची पाळी येते. म्हणून कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे. पाणी मिसळायचे असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते. काटा लाल खुणेकडे गेला तर "गाव जवळच आहे" म्हणून गाडी पुढे रेटू नका. बाजूला घेऊन बंद करा.

आठवड्यातून एकदा सपाट जागी गाडी उभी करून इंजिन ऑईल पाहावे. पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये ते असले पाहिजे. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असतानाच तपासावी. स्टेपनी विसरू नये. हवा कमी आणि माल जास्त असला की टायर तापून फुटतो. कच्च्या रस्त्यावर वापर असेल तर एअर फिल्टर लवकर तुंबतो, म्हणून तो वरचेवर पाहावा. बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरी भुकटी साफ करून घ्यावी. ब्रेक दाबताना खरखर ऐकू आली तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे. तेथे चालढकल म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटी एक सोपी गोष्ट. उधारीची वही आपण ठेवतोच, तशीच गाडीचीही एक ठेवावी. ऑईल, फिल्टर, बेल्ट कोणत्या तारखेला व किती किलोमीटरला बदलले, ते त्यात लिहावे. पुढचे काम कधी आले, हे मग वहीच सांगेल.