व्हिडिओ-संकलन आणि डीव्हीडी-निर्मिती

व्हिडिओ-संकलन : हाती धरून वापरावयाच्या व्हिडिओ कॅमेऱ्याने, म्हणजे कॅमकॉर्डरने, टिपलेल्या चित्रणातून आवश्यक भाग निवडून, ते योग्य क्रमाने जोडून व त्यांस ध्वनी, शीर्षके इत्यादींची जोड देऊन सलग चित्रकृती सिद्ध करण्याची प्रक्रिया. अशी चित्रकृती दूरचित्रवाणी संचावर पाहता यावी म्हणून ती ठराविक मांडणीनुसार प्रकाशीय तबकडीवर मुद्रित करणे, यास डीव्हीडी-निर्मिती म्हणतात. विवाह, जत्रा, नाटके, लोकनृत्ये यांची हौशी चित्रणे या दोन क्रियांवाचून बहुधा न पाहिली जाताच पडून राहतात.

महाराष्ट्रात ज्या भागांत अशा चित्रणांचे मोल विशेष आहे, त्यांत चंद्रपूर व गडचिरोली या वनसंपन्न जिल्ह्यांचा समावेश करावा लागेल. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांसह हा प्रदेश ‘झाडीपट्टी’ या नावाने ओळखला जातो. धानाचे पीक हाती आल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंतच्या काळात, मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने येथे गावोगावी रात्रभर चालणारी नाटके होतात. देसाईगंज (वडसा) हे नाटकमंडळ्यांचे प्रमुख केंद्र होय. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. नाटकांखेरीज दंडार, खडी गंमत यांसारखे लोकनाट्यप्रकार आणि गोंड व माडिया लोकांची रेला गीते व नृत्ये येथे प्रचलित आहेत. दंडारीसारख्या प्रकारांची संहिता बहुतांशी मौखिक असते. ती प्रत्येक प्रयोगात थोडीफार बदलते आणि वयोवृद्ध कलावंताबरोबर तिचा काही भाग लोपतो. त्यामुळे एखाद्या हौशी माणसाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी केलेले अशा प्रयोगाचे चित्रण कधीकधी त्याचा एकमेव पुरावा ठरू शकते. ते कसे उतरवावे, कसे संकलित करावे व कशावर ठेवावे, या प्रश्नांना म्हणूनच केवळ हौसेपलीकडचे महत्त्व प्राप्त होते.

ऐतिहासिक आढावा : घरगुती वापराची व्हीएचएस चित्रफीत १९७६ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. कॅमेरा व मुद्रक एकाच सांगाड्यात असलेले घरगुती उपकरण १९८३ मध्ये सोनी कंपनीने विक्रीस आणले. त्यानंतर ८ मिमी. रुंदीची फीत (१९८५), तिचीच सुधारित आवृत्ती हाय-८ (१९८९) आणि अंकीय पद्धतीची डीव्ही फीत (१९९५) असे टप्पे आले. पहिल्या तीन प्रकारांत चित्रसंकेत सदृश म्हणजे अखंड बदलत्या स्वरूपात मुद्रित होतो. डीव्हीमध्ये तो अंकांच्या रूपात साठविला जातो. अंकांची नक्कल मूळाबरहुकूम करता येत असल्याने प्रतीमागून प्रत काढली, तरी चित्राची गुणवत्ता घटत नाही.

संगणकपूर्व काळात संकलन रैखिक पद्धतीने होई. एका यंत्रावर मूळ फीत चालवून तिचे हवे ते भाग दुसऱ्या यंत्रातील कोऱ्या फितीवर क्रमाने उतरविले जात. मध्येच एखादे दृश्य घालावयाचे झाल्यास पुढील सर्व भाग पुन्हा उतरवावा लागे आणि दर नकलेगणिक चित्र अधिक अस्पष्ट होई. तुटपुंज्या साधनांनीही या पद्धतीने काय साधते, याचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण मालेगाव (जि. नासिक) येथील आहे. तेथील नासिर शेख यांनी स्थानिक हौशी नटांना घेऊन व्हिडिओ कॅमेऱ्यावर मालेगाव के शोले (२०००) हे विडंबनपट तयार केले. त्यांच्या या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी सुपरमेन ऑफ मालेगाव (२००८) हा अनुबोधपट काढला.

अरैखिक संकलनात चित्रण प्रथम संगणकाच्या तबकडीवर उतरविले जाते. त्यानंतर कोणताही भाग कोठेही हलविता येतो आणि मूळ चित्रणास धक्का लागत नाही. व्यावसायिक क्षेत्रात ही पद्धती १९८९ च्या सुमारास रुजू लागली. ॲपल कंपनीची आयमूव्ही (१९९९) व मायक्रोसॉफ्टची मूव्ही मेकर (२०००) या आज्ञावलींमुळे ती घराघरांत पोहोचली. सध्या केडीएनलाइव्ह व शॉटकट यांसारख्या आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहेत.

फितीवरून संगणकावर : डीव्ही कॅमेरा फायरवायर नावाच्या जोडणीने संगणकास जोडतात. फितीवरील अंक जसेच्या तसे उतरत असले, तरी ही क्रिया फितीच्या मूळ गतीनेच होते. तासाभराच्या फितीस एक तास लागतो आणि सु. १३ गिगॅबाइट जागा व्यापली जाते. सहा तास चाललेल्या नाटकाच्या, प्रत्येकी तासाभराच्या, सहा फिती होतात व त्यांस सु. ७८ गिगॅबाइट जागा लागते. दोन कॅमेरे वापरले असल्यास हा आकडा १५६ वर जातो. काम हाती घेण्यापूर्वी हा हिशेब करणे इष्ट असते.

व्हीएचएस व हाय-८ या सदृश फितींसाठी सुस्थितीतील वादक यंत्र आणि संकेताचे अंकीकरण करणारे रूपांतरक यांची गरज असते. जुन्या फितीवरील संकेताची कालगती अस्थिर झालेली असल्यास चित्र थरथरते; ते स्थिर करण्यासाठी कालशोधक नावाचे उपकरण मध्ये जोडतात. फीत बराच काळ न हलविता पडून असेल, तर आरंभी ती एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे गुंडाळून घेतल्यास तिचा ताण समान होतो. फितीवर पांढरट बुरशी दिसल्यास मात्र ती यंत्रात घालू नये. बुरशीचे कण यंत्राच्या शीर्षावर बसतात व पुढील प्रत्येक फितीस लागतात.

भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत दर सेकंदास २५ चौकटी असतात व प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांची बनलेली असते. या अर्धचित्रांचा क्रम उलटा लागल्यास हालचालींत झटके दिसतात. डीव्ही चित्रणात खालचे अर्धचित्र प्रथम येते, हे ध्यानात ठेवून संगणकात तशी योजना करावी लागते.

संकलनाची रीत : प्रथम सर्व चित्रण एकदा सलग पाहून त्याची टिपणवही तयार करतात. फितीचा क्रमांक, प्रसंगाचा आरंभ व शेवट यांच्या वेळा, प्रसंगाचे वर्णन आणि चित्र व ध्वनी यांची प्रत एवढ्या गोष्टी तीत असाव्यात. नवशिक्याचा कल ही पायरी वगळण्याकडे असतो. परंतु पुढील श्रम हिच्यामुळेच वाचतात. त्यानंतर निवडलेले भाग कालपट्टीवर ढोबळ क्रमाने मांडतात आणि अखेरीस प्रत्येक जोडाची जागा चौकटीपर्यंत अचूक करतात.

दोन दृश्ये थेट जोडणे यास छेद आणि एक विरत असता दुसरे उमटविणे यास विलय म्हणतात. विलय सामान्यतः काळ वा स्थळ बदलल्याचे सुचवितो. प्रत्येक जोडावर नवनव्या करामती योजल्यास लक्ष प्रसंगावरून उडते, म्हणून बहुतेक जोड साध्या छेदाचेच असावेत.

नाट्यप्रयोगाच्या संकलनात ध्वनी हा पाया मानावा. झाडीपट्टीतील नाटकांत वाद्यवृंद प्रत्यक्ष साथ करतो. चित्र तोडताना गाणे तुटले, तर ते प्रेक्षकास तत्काळ खटकते. यासाठी एका कॅमेऱ्याचा, शक्य तर ध्वनिक्षेपण यंत्रणेतून स्वतंत्रपणे घेतलेला, ध्वनी अखंड ठेवून त्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रे आलटून पालटून बसवितात. प्रयोगापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांसमोर एकदा मोठ्याने टाळी वाजविली असल्यास त्या क्षणाच्या आधारे ती जुळविता येतात. फीत बदलताना राहून गेलेला भाग दुसऱ्या कॅमेऱ्यातून भरून काढता यावा म्हणून दोन्हींच्या फिती एकाच वेळी बदलू नयेत.

जनित्राची घरघर किंवा सूचकाचा आवाज ध्वनिमुद्रणात आलेला असतो. घरघर काहीशी कमी करता येते. पण सूचकाचा आवाज पुसावा की ठेवावा, हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. करमणुकीसाठी काढलेल्या प्रतीत तो दोष ठरेल. रंगभूमीच्या अभ्यासकाला मात्र नाटक कसे उभे राहत होते, याची ती साक्ष वाटेल. हीच गोष्ट प्रेक्षकांच्या आरोळ्या, प्रवेशांमधील खोळंबा व पडदा पडल्यानंतरची बक्षिसांची घोषणा यांची. म्हणून दोन प्रती कराव्यात : एक संगणकात उतरलेली, काहीही न गाळलेली अभिलेखप्रत आणि दुसरी संकलित केलेली दर्शनप्रत. दर्शनप्रत तयार झाली म्हणून अभिलेखप्रत पुसून टाकणे ही या कामातील सर्वांत मोठी व भरून न येणारी चूक होय.

डीव्हीडीची घडण व निर्मिती : डीव्हीडी १९९६ मध्ये प्रथम जपानमध्ये विक्रीस आली. तिचा व्यास १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. असते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण वापरतात, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. त्यामुळे खुणा अधिक लहान व त्यांच्या रांगा अधिक जवळ मांडता येतात. एकेरी थराच्या तबकडीत ४.७ गिगॅबाइट माहिती मावते. चित्रण एमपेग-२ या पद्धतीने संक्षिप्त केलेले असते. पाल पद्धतीत एका चौकटीत ७२० × ५७६ चित्रबिंदू असतात.

तबकडीची धारणा ठरलेली असल्याने वेळ वाढविल्यास गुणवत्ता घटते. दोन तासांच्या चित्रणास दर सेकंदास सु. ५.२ मेगॅबिट मिळतात व चित्र समाधानकारक दिसते. सहा तासांचे नाटक एकाच तबकडीत कोंबल्यास हे प्रमाण १.७ वर उतरते आणि नृत्याच्या वेगवान हालचालींत चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते. म्हणून असे नाटक तीन तबकड्यांत विभागणे व प्रत्येक तबकडी अंकाच्या शेवटी संपविणे योग्य होय.

पुढची पायरी म्हणजे रचना. एका शीर्षकात जास्तीत जास्त ९९ प्रकरणे करता येतात. प्रत्येक प्रवेशास वा गीतास एक प्रकरण दिल्यास प्रेक्षकास हवा तो भाग लगेच काढता येतो. तबकडीत आठ ध्वनिपट्टे व बत्तीस उपशीर्षक-पट्टे यांची सोय असते. उपशीर्षके अक्षरांच्या संकेतांत न साठविता चित्ररूपात साठविली जात असल्याने कोणतीही लिपी वापरता येते. माडिया वा गोंडी गीताखाली एका पट्ट्यात मूळ शब्द देवनागरीत व दुसऱ्यात मराठी अर्थ देता येतो. या कामी गीत म्हणणाऱ्यांनाच शेजारी बसवून शब्द पडताळून घ्यावेत. रचना पूर्ण झाल्यावर ती प्रथम संगणकावरच तपासतात. नंतर मध्यम गतीने तबकडी मुद्रित करून, मुद्रण बंदिस्त करून, ती साध्या वादकावर शेवटपर्यंत चालवून पाहतात.

जतन : घरी मुद्रित केलेल्या डीव्हीडीतील माहिती सेंद्रिय रंजकाच्या थरात उमटलेली असते व हा थर ऊन आणि उष्णता यांनी खराब होतो. चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते आणि पावसाळ्यात हवा दमट असते. दोन्ही गोष्टी फिती व तबकड्या यांस सारख्याच मारक आहेत. तबकड्या डबीत उभ्या, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवाव्यात. त्यांवर कागदी चिठ्ठी न चिकटविता मऊ टोकाच्या लेखणीने लिहावे.

तथापि डीव्हीडी हे वाटपाचे साधन आहे, जतनाचे नव्हे. संक्षेपणामुळे मूळ चित्रणाचा बराच तपशील तीत गाळला गेलेला असतो. शिवाय भ्रमणध्वनी व महाजाल यांच्या प्रसारानंतर डीव्हीडीचा वापर झपाट्याने ओसरला असून अनेक नव्या संगणकांत ती चालविण्याची सोयच नसते. फितींची स्थिती याहून बिकट आहे. व्हीएचएस वादक यंत्रे बनविणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये आपले उत्पादन थांबविले. चालू यंत्रे दुरुस्तीवर तग धरून आहेत. फीत शाबूत, पण ती वाचणारे यंत्र नाही, अशी वेळ येण्यापूर्वी चित्रणे उतरवून घेणे अगत्याचे आहे. अभिलेखप्रतीच्या किमान तीन प्रती कराव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात व एक प्रत दुसऱ्या गावी असावी. काही वर्षांनी त्या नव्या साधनांवर हलवाव्या लागतात. प्रत्येक प्रतीबरोबर गाव, तारीख, मंडळी, कलावंत व चित्रण करणारा यांची लेखी नोंद नसेल, तर चित्रण टिकूनही निनावी होते.

हक्क व संमती : भारतीय लेखाधिकार अधिनियम, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क समाविष्ट करण्यात आले असून ते प्रयोगानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षे टिकतात. नाटककाराचे हक्क याहून वेगळे असतात. त्यामुळे चित्रण विकण्यापूर्वी वा महाजालावर प्रसृत करण्यापूर्वी दोहोंची संमती आवश्यक ठरते. आदिवासींच्या विधींबाबत कायद्याइतकाच शिष्टाचारही महत्त्वाचा आहे. एखादा विधी बाहेरच्यांनी पाहू नये अशी गावाची भावना असेल, तर त्याची प्रत गावापुरतीच ठेवावी. आणि संकलन पूर्ण झाल्यावर पहिली प्रत ज्यांचे चित्रण केले त्यांच्या हाती द्यावी. नावे, शब्द व प्रसंगांचा क्रम यांतील चुका त्यांच्याच नजरेस प्रथम येतात आणि त्या दुरुस्त करण्याची संधी नंतर सहसा मिळत नाही.