ल्यूगर पिस्तूल : संग्रह आणि पुरावा

जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेल्या ल्यूगर पिस्तुलाचे संग्राहकांस वाटणारे आकर्षण त्याच्या मारकशक्तीपेक्षा त्यावरील अंकांत अधिक आहे. काडतुसाच्या कोठीवर बहुधा निर्मितीचे वर्ष असते; सुट्या भागांवरही मूळ क्रमांकाचे अखेरचे दोन अंक उमटविलेले आढळतात. ते परस्परांशी जुळल्यास शस्त्र मूळ स्वरूपात असल्याचे मानण्यास आधार मिळतो. काहींवर ‘१९२०’ हा दुसरा ठसाही दिसतो. पराभवानंतरच्या राजवटीत ते सरकारी मालमत्ता ठरल्याची ती खूण होय. जुळत्या अंकांस किंमत अधिक, म्हणून ते नव्याने ठोकलेही जातात. परंतु प्रामाणिक मालकाची हौसही निरुपद्रवी नसते. झिजलेल्या पोलादास तो नवी झिलई देतो आणि त्या घासण्यातच ठशांच्या कडा बोथट होतात.