उपकार फेडायचे की सांगायचे?
लेखमाला : रोजचा विश्वास, लेखांक 6

मराठी घरात आपल्याच माणसाचे आभार मानले तर ते माणूस रुसतं. बहिणीने डबा भरून दिला आणि भावाने ‘धन्यवाद’ म्हटलं, की ती लगेच विचारणार, ‘काय रे, परकी झाले का मी?’ पैनगंगेच्या अलीकडे, बेला-जैनथच्या पट्ट्यातल्या घरांतही तेच. आभार मानायचे ते समारंभात, तेही शेवटच्या पाच मिनिटांत, अर्धे लोक चपला शोधत असताना. आपल्या प्रार्थनेचीही तीच गत आहे. मागणं लांबलचक असतं आणि आभार ‘आमेन’च्या आधी कसेबसे उरकतात.

त्यात ‘उपकार’ हा शब्द जड. उपकार फेडायचे असतात, आणि फिटले नाहीत तर मान खाली. मराठी ख्रिस्ती परंपरेने या शब्दाला ‘स्तुती’ जोडून ‘उपकारस्तुती’ केली, तेव्हा त्याचं ओझं उतरलं. फेडायचं काहीच नाही, नुसतं ओळखायचं आणि सांगायचं. ‘आभारप्रदर्शना’पेक्षा मला हा शब्द आवडतो, प्रदर्शनाला बघणारे लागतात.

पण शब्द जिभेवर बसला म्हणजे सवय लागली असं नाही. शेजारच्या तेलुगू मंडळीत ‘देवुनिकि स्तोत्रम’ सारखं कानावर येतं, आपल्यातही ‘प्रभूची स्तुती असो’ पटकन निघतं. कशाबद्दल, ते मात्र क्वचितच कोणी सांगतं. स्तोत्र 103 चा कर्ता आधी स्वतःच्या जिवाला दटावतो, उपकार विसरू नकोस म्हणतो, आणि मग एकेक मोजू लागतो: क्षमा, बरं होणं, मरणातून सुटका. तो मोघम बोलत नाही.

आदिलाबादहून हैदराबादच्या रस्त्याने निर्मल, आर्मूर ओलांडलं की डिचपल्ली लागतं. मेथडिस्ट मिशनच्या डॉ. इझाबेल कर यांनी तिथे 1915 मध्ये कुष्ठरुग्णालय सुरू केलं. ते नाव ऐकलं की मला लूकच्या 17 व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवतात. आपण त्यातल्या नऊ जणांना कृतघ्न म्हणून मोकळे होतो. खरं तर ते येशूचंच ऐकत होते. याजकांना जाऊन दाखवा, असं त्याने सांगितलं होतं, आणि किती काळाने त्यांना गावात, घरी जाता येणार होतं! घाई असणारच. एकटा शोमरोनी अंगाकडे बघून वाटेत थबकला आणि मागे फिरला. उपकारस्तुतीला एवढंच लागतं, चालता चालता थांबणं. नऊ जण वाईट नव्हते, घाईत होते. आपणही बहुधा त्यांच्यातलेच.

आता कापसाचं बोलू, कारण इथे सगळं शेवटी कापसावर येतं. सीतादही केल्याशिवाय वेचणीला हात न लावणारी घरं आहेत. नवं धान्य आधी देवाला वाहून मगच खाणारी गोंड घरं आहेत. आभाराची जाण ही काही ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी नाही. पण ज्या वर्षी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली, त्या वर्षी काय? थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल सर्व स्थितींत उपकारस्तुती करायला सांगतो. ‘स्थितीत’ म्हणतो, ‘स्थितीबद्दल’ नाही. अळीबद्दल आभार मानायला त्याने कुणाला सांगितलेलं नाही. रडायचं असेल तर रडावं. कितीतरी स्तोत्रं रडतच सुरू होतात. त्याच संध्याकाळी शेजाऱ्याने बैलजोडी दिली असेल, तर तेही सांगावं. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

वेळेचं काय? दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकून आभार मानत असे. प्रार्थनेवर बंदी आली त्या दिवशीही त्याने तसंच केलं. पवित्र शास्त्र मुद्दाम नोंदवतं की तो पूर्वीपासूनच असं करत होता. सिंहांची गुहा दिसल्यावर त्याने सवय लावून घेतली नव्हती. म्हणून नवी वेळ काढण्यापेक्षा रोज घडतंच त्या गोष्टीला हे जोडावं. चहा उकळतो तेवढ्यात, बसची वाट बघताना. आणि ‘सगळ्याबद्दल’ म्हणू नये. आजची एकच गोष्ट, नावानिशी. वेचणीच्या दिवसांत बाया कंबरेची ओटी सोडून बांधावर पाणी प्यायला बसतात, तेवढा वेळ पुरतो.

पुढच्या आठवड्यात : ताटावरची प्रार्थना, आणि ती मुलं डोळे उघडे ठेवून का म्हणतात.